सौदा कुठं निघतो

लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, आठवतंय ना? एप्रिल 2016. मांजरा धरण कोरडं ठाक, पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावायची वेळ आलेली, आणि मिरजेहून निघालेली टँकर-वॅगनची गाडी 12 तारखेला लातुरात पोचली. पहिल्या खेपेला 10 वॅगन, म्हणजे साधारण 5 लाख लिटर, मग पुढं 50-50 वॅगनच्या गाड्या. टीव्हीवाले नुसते तुटून पडले होते. 'जलदूत' असं छान नावही दिलं होतं गाडीला. सगळी चर्चा पाण्याची, उसाची, धरणाची, आणि ती व्हायलाच पाहिजे होती, पण माझं डोकं मात्र दुसरीकडंच अडकलं होतं, ती गाडी आली कुठल्या रुळावरून त्याच्यात.

मिरज, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. हा आख्खा मार्ग म्हणजे जुनी बार्शी लाईट रेल्वे. आमच्या भागातला माल बाहेर न्यायला इंग्रजांच्या काळात एका खाजगी कंपनीनं टाकलेला नॅरोगेज. म्हणजे ज्या वाटेनं शंभर वर्षं आमचा कापूस, तूर, करडई बाहेर गेली, त्याच वाटेनं शेवटी प्यायचं पाणी आत आलं. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही. बाजार जवळ आला की मुलूख सुधारतो असं आपण सगळेच धरून चालतो, रस्ता आला की विकास आला, रेल्वे आली की विकास आला, नेत्यांच्या भाषणातही तेच आणि पारावरच्या गप्पांतही तेच. पण याच एका लाईनीवर बसलेली गावं बघितली तर कोण सुधारलं, कोण जागच्या जागी राहिलं आणि कोण उलट मागं गेलं याचा हिशोब इतका सरळ लागत नाही.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण तो मला मनापासून आवडतो. मुंबईहून येणारी जीआयपी रेल्वे सोलापूरला पोचली 1860 साली. बार्शी तेव्हा कापसाची मोठी पेठ, पण मेन लाईनपासून पस्तीसेक किलोमीटर बाजूला. स्टेशनाला नाव दिलं 'बार्शी रोड', आजचं कुर्डुवाडी. म्हणजे बार्शीला जायचं असेल तर इथं उतरा आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा. बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या. मग एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाचा इंजिनियर आला, त्यानं अडीच फुटी रुळाची छोटी रेल्वे काढली, 1897 ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू. त्याचं डोकं असं की रूळ हलका टाकायचा पण गाडीचं वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटायचं, एका आसाला 5 टनाच्या वर नाही, म्हणजे स्वस्तातल्या रुळावरूनही भरपूर माल ओढता येतो. (हाच माणूस पुढं विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागं लागला, ते वेगळंच प्रकरण आहे, हौस असेल तर शोधून वाचा.) 1906 ला गाडी पंढरपूरला गेली, कारण माल नसेल त्या दिवसात वारकरी आहेतच, आषाढीला डब्यात काय आणि डब्यावर काय, माणूसच माणूस. 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. 1954 ला सरकारनं कंपनी ताब्यात घेतली. आमच्या घरातली म्हातारी माणसं या गाडीबद्दल बोलायची तेव्हा हसायचीच, चालत्या गाडीतून उतरायचं, रुळाकडंची बोरं खायची आणि पळत जाऊन परत चढायचं म्हणे. खरंखोटं देव जाणे, पण अशा गोष्टी सगळ्याच छोट्या गाड्यांबद्दल सांगतात.

आता या नकाशात एक गोष्ट महत्त्वाची होती जी आज दिसत नाही, ती म्हणजे सरहद्द. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, सोलापूर जिल्ह्यात. आणि बार्शीच्या पुढं थोडं गेलं की निजामाचं राज्य सुरू. निजामाचं स्वतःचं कस्टम खातं होतं, करोडगिरी म्हणायचे त्याला, माल आत आला तरी जकात आणि बाहेर गेला तरी जकात. मुक्तिसंग्रामात लोकांनी हे करोडगिरी नाके फोडले, जाळले, ते उगाच नाही, सामान्य माणसाला सरकार भेटायचं तेच मुळी त्या नाक्यावर. बार्शीचं बस्तान बसलं ते या कडेवर. आतला माल गोळा होऊन इथं यायचा, आणि मुंबईचा माल इथून आत जायचा. मराठवाड्याचं प्रवेशद्वार वगैरे जे म्हणतात ते काही नुसतं कौतुक नाही, दारात बसणाऱ्याला दोन्हीकडून मिळतं.

मग 17 सप्टेंबर 1948 ला निजामाची सत्ता संपली, पुढं 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि सरहद्दच गेली. सरहद्द गेल्यावर दाराला काय किंमत राहणार. बार्शी आजही चांगला बाजार आहे, कुणाला राग येऊ नये, पण पुढच्या 50 वर्षांत जो पुढं गेला तो बार्शीच्या पलीकडचा, लाईनीच्या जुन्या टोकाचा लातूर. 1982 पर्यंत जे साधं तालुक्याचं गाव होतं, उस्मानाबाद जिल्ह्यातलं. जिल्ह्याचं मुख्यालय उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, आणि तालुका त्याच्यापेक्षा मोठा, श्रीमंत आणि आवाज असलेला.

असं का झालं हे समजून घ्यायचं तर लातूरच्या गंज गोलाईत एक चक्कर मारा. मधे गोल, त्यात अंबाबाईचं देऊळ, आणि त्या गोलाला सगळीकडून येऊन मिळणारे 16 रस्ते. एका रस्त्यावर सराफ, एकावर चपला, कुठं मिरची, कुठं गूळ, नाकाला कळतं आपण कुठल्या रस्त्यावर उभे आहोत ते. रेल्वे आल्यानंतर काही वर्षांत, निजामाच्या काळात, फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं आखलेली ही जागा. मला यात गंमत वाटते ती ही की गावात रेल्वे आली म्हणून कुणी नुसतं स्टेशन बांधून थांबलं नाही, बाजार बसवायचा म्हणून आख्खं गाव त्याच्याभोवती आखलं. आणि धाराशिवला? धाराशिवला रेल्वेच नव्हती. बार्शी लाईट येडशीवरून, तेरवरून, ढोकीवरून निघून गेली, जिल्ह्याचं गाव बाजूलाच राहिलं, आणि ते राहिलं ते 21 व्या शतकापर्यंत, ब्रॉडगेज करताना रूळ मुद्दाम वळवून आणला तेव्हा कुठं धाराशिवला स्टेशन मिळालं. मधली शंभर वर्षं कुणी परत देत नसतं.

पण मग येडशीचं काय, ढोकीचं काय, मुरूडचं काय? तीच गाडी, तेच भाडं, तिथंही थांबायची. स्टेशनं होती, गोदामं होती, पोती चढायची. तरी लातूर लातूर झालं आणि ढोकी ढोकीच राहिली. माझं सगळं म्हणणं इथंच अडकलंय बघा. बाजार जवळ येणं ही एक गोष्ट आणि आपल्या गावात सौदा निघणं ही वेगळी गोष्ट. स्टेशनावर माल चढतो, पण त्याचा भाव दुसरीकडं ठरतो. जिथं भाव ठरतो तिथं आडत्या लागतो, मुनीम लागतो, हमाल, मापाडी, बारदाना विकणारा, बँक, लॉज, डाळ मिल, मिलला मिस्त्री, मिस्त्रीच्या पोरांना शाळा. एकामागं एक. आणि जिथं नुसता माल चढतो तिथं लागतो एक चहावाला.

काकांबरोबर सोयाबीन घेऊन लातूरच्या मार्केट यार्डात गेलो होतो त्याचं सांगतो. आदल्या दिवशी टेंपो भरला, बहात्तर भानगडी करून, म्हणजे हमाल मिळेना, मग ताडपत्री फाटकी, मग पावसाचा रंग. सकाळी आडतीवर पोती फोडून ढीग केला. काकांनी एक दाणा उचलून दाताखाली धरला, कट्ट वाजलं, म्हणाले वाळलंय. मग आडतीवरच्या पोरानं मॉइश्चरच्या मशीनमध्ये मूठभर टाकलं आणि आकडा निघाला तो दाताच्या मताशी जुळेना. काका काही बोलले नाहीत, नुसतं मशीनकडं बघितलं, त्या बघण्यात सगळं आलं. थोड्या वेळानं खरेदीदारांचा घोळका आला, ढिगात हात घालायचा, तळातून मूठ काढायची, फुंकर मारायची, हातावर खेळवायची, आकडा बोलायचा, दुसऱ्यानं त्यावर 20 रुपये चढवायचे, आणि काय होतंय ते आपल्याला कळायच्या आत मुनीमानं लिहूनही टाकलेलं. घोळका पुढच्या आडतीवर. आमचं सहा महिन्यांचं पीक मिनिटभरात निघालं. मग काटा, मग पट्टी, म्हणजे हिशोबाची पावती, पट्टीवर हमाली, तोलाई, हे ते वजा.

चिडावं असं त्यात भरपूर होतं आणि परतताना टेंपोत आम्ही यथेच्छ चिडलोही. तरी काका लातूरलाच का घेऊन जातात, गावात खेडा खरेदीवाला दारात काटा घेऊन उभा असतो त्याला का देत नाहीत? तर म्हणे, "आरं तिथं चार जण बोलतात. हितं एकटाच बोलतो." हे चार जण बोलणं म्हणजे बाजार. रस्ता हे त्या चार जणांपर्यंत जायचं साधन. रस्ता झाला आणि दुसऱ्या टोकाला बोलणारा एकच असला तर नुसतं डिझेल जळतं.

याचा आणखी जहाल नमुना फेब्रुवारी 2023 मध्ये पेपरात आला होता. बार्शी तालुक्यातला एक शेतकरी, 512 किलो कांदा घेऊन सोलापूरच्या बाजारात गेला, साधारण 70 किलोमीटर. भाव लागला किलोला 1 रुपया. म्हणजे 512 रुपये. त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात उरले 2 रुपये 49 पैसे, आणि चेक निघाला तो 2 रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. लोकांनी फोटो फिरवला, हळहळले, विसरले. मला त्या पट्टीत आख्खा विषय दिसतो. रस्ता होता, गाडी होती, मोठी बाजारपेठ होती, सोलापूर म्हणजे कांद्याची नावाजलेली पेठ. नव्हतं काय, तर थांबायची सोय. खरिपाचा लाल कांदा चाळीत टिकत नाही, उन्हाळी टिकतो, लाल नाही. निघाला की विकायचाच. ज्याला थांबता येत नाही त्याला बाजार कितीही जवळ आणून द्या, तो तिथं हात जोडूनच जाणार. उलट तूर किंवा हरभरा असेल तर माणूस पोती घरात लावून म्हणू शकतो, बघू दिवाळीनंतर. लातूर डाळीवर उभं राहिलं आणि भाजीपाल्यावर नाही, यात या न नासण्याचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं. छोट्या, हळू, बोरं खाऊन परत चढता येईल अशा गाडीला तूरच परवडणार, टोमॅटो नाही.

नासणाऱ्या मालाचं काय होतं ते बघायचं तर बीडकडं चला. बालाघाटाच्या डोंगररांगा, धारूर, अंबाजोगाई, आणि त्यातली सीताफळं. कुणी लावलेली नाहीत, आपोआप आलेली, खडकाळ उतारावर, पाणी न मागणारी. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये जीआय मानांकनही मिळालं. सीताफळाचे डोळे उघडले की तुमच्या हातात दोन, फार तर तीन दिवस. त्यात ते तोडा, डोंगरावरून डोक्यावर खाली आणा, आणि पुण्या-मुंबईला पोचवा. पोचवणार कसं? बीड शहराला रेल्वे नव्हती. जिल्ह्यात परळीला होती, निजामाच्या काळातली, पण ती हैदराबादच्या दिशेची आणि जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मग बायका घाटात टोपली मांडून बसायच्या, जाणारे-येणारे गाडी थांबवून घासाघीस करून घ्यायचे आणि आपल्याला काय स्वस्तात मिळालं म्हणून खूश. मीही केलीय ती घासाघीस.

मग बीडनं बाहेर पाठवलं काय? माणसं. दसरा-दिवाळी झाली की टोळ्या निघतात, ऊसतोडीला, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. मुकादम पावसाळ्यातच उचल वाटतो, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हिशोब कोयत्यावर. टायर सेंटर म्हणजे टायरच्या बैलगाडीवाले, डोकी सेंटर म्हणजे मोळ्या डोक्यावर वाहणारे, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, ज्वारी, शेळी, पोरं, वर ताडपत्री, आणि रात्रीच्या हायवेला त्या लांबच लांब रांगा. खाडा केला तर पैसे कापतात, बायकांचे खाडे जास्त होतात म्हणून गर्भपिशव्या काढायच्या प्रकारापर्यंत गोष्ट गेली, 2019 मध्ये सरकारनं समिती नेमली त्यात 13 हजारांहून जास्त बायकांची ऑपरेशनं झाल्याचं पुढं आलं. हे लिहिताना हात थांबतो पण सोडूनही देता येत नाही, कारण हाही बाजारच आहे. बीडला बाजार नव्हता असं कोण म्हणतं, मजुरीचा बाजार अगदी दारापर्यंत आलेला होता, मुकादमाच्या जीपमधून. जिथून माल जायची सोय होत नाही तिथून माणूस जातो. आणि माणसाचा सौदाही गावात निघत नाही, तो निघतो कारखान्याच्या गेटवर, तिकडं सांगली-कोल्हापूरकडं. पूर्वी लातूरची लाईन जिथं संपायची त्या मिरजेच्या आसपासच, बघा ना, तिथं कृष्णा-वारणेचं पाणी, सहकारी कारखाने, पुणे-मुंबईची मेन लाईन, आणि तोडायला बीडची माणसं. 2016 ला त्याच मिरजेहून पाणी आलं इकडं. कुणाचं काय कुणाकडं गेलं आणि काय परत आलं याचा ताळेबंद कुणीतरी मांडायला पाहिजे एकदा.

तसा मांडलाय म्हणा सरकारनं. वि. म. दांडेकरांची समिती 1983 ला बसली, 1984 ला अहवाल, राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटींचा निघाला. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज, कुठं किती कमी. 1994 ला वैधानिक विकास मंडळं आली, नंतर केळकर समितीचा अहवाल 2013 ला. काम मोठं होतं, वाद नाही. पण त्या पद्धतीत मोजता येतं ते बांधता येण्यासारखं. इतके किलोमीटर रस्ता कमी, तो बांधला की अनुशेष भरला. त्या रस्त्यानं गेलेल्या शेतकऱ्यासमोर तिथं किती जण बोलतात हे कुठल्या रकान्यात बसवणार?

आणि रस्त्याला दोन तोंडं असतात हे तर आपण सोयीनं विसरतो. माल बाहेर जातो तसा आतही येतो. तालुक्याचा रस्ता चकाचक झाला तेव्हा आमच्या गावातला बाटा-चपलांचा आणि कापडाचा धंदा पार बसला, लोक लातूरला जायला लागले, अर्ध्या तासात तर जाता येतं. पिठाची गिरणी तेवढी राहिली. लातूरचे लोक आता लग्नाचा बस्ता बांधायला सोलापूर-पुण्याला जातात, मग लातूरचे कापडवाले चिडतात. पायरी तीच, फक्त वरची.

यावर उतारा नाही असं नाही. हिंगोली-वसमतची हळद बघा. पिकायची इथं, पण हळद म्हटलं की सांगली, शिजवून, वाळवून, पॉलिश करून ट्रक भरून सांगलीला न्यायची, तिथं जे म्हणतील ते. हळूहळू हिंगोली आणि वसमतचे स्वतःचे हळदीचे बाजार उभे राहिले, खरेदीदार इकडं यायला लागले. यात हायवेचा वाटा थोडा, यार्ड बांधणाऱ्यांचा, रोख पैसे देणाऱ्यांचा, चोख काट्याचा वाटा जास्त. आणि जालना! जालन्यात ना लोखंडाची खाण ना कोळशाची, तरी सळई म्हटलं की जालना. भंगार बाहेरून येतं, मुंबईच्या बंदरातून सुद्धा, वितळवून सळई होते, आणि महाराष्ट्रभर जाते. तिथल्या माणसांनी जवळ काही नसताना सौदा आपल्या गावात ओढून आणला. याला नुसता 1900 साली आलेल्या मीटरगेजचा महिमा म्हणता येत नाही, मीटरगेज परभणीलाही होताच की.

या सगळ्यात मला सारखं आठवतं ते तेर. बार्शी-लातूरच्या मधलं, तेरणेच्या काठचं गाव, गोरोबाकाकांचं. हेच प्राचीन तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पेरिप्लस नावाच्या ग्रीक लिखाणात याचा उल्लेख आहे, पैठणहून 10 दिवसांच्या वाटेवरचं मोठं शहर, तिथून तऱ्हेतऱ्हेचं कापड, मलमल, गाड्यांवर घालून भडोचच्या बंदराला जातं, आणि वर लिहिलंय की ज्या मुलखातून जातं तिथं धड रस्तेही नाहीत. रस्ते नाहीत! आणि माल रोमपर्यंत. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन त्या काळच्या वस्तू बघून या, हस्तिदंताची बाहुली आहे, मातीच्या मूर्ती आहेत. पुढं तो व्यापार आटला, सौदा दुसरीकडं गेला, आणि तगरचं तेर झालं. 20 व्या शतकात बार्शी लाईटनं तेरला स्टेशन दिलं, म्हणजे रूळ आला, वेळापत्रक आलं, तिकीट आलं, आणि तगर काही परत आलं नाही.

बरं, लातूरचं तरी सगळं आलबेल आहे का? सोयाबीनचंच घ्या. 2021 च्या पावसाळ्यात लातुरात भाव क्विंटलला 10 हजारांच्या घरात गेला होता, लोकांनी स्टेटस ठेवले होते पट्टीचे. ऑगस्टमध्ये केंद्रानं 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली, नवं पीक आलं, भाव घसरले, आणि डिसेंबरमध्ये सेबीनं वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, बंद केले. मग 2024 ला हमीभाव 4,892 आणि बाजारात त्याच्याही खाली. म्हणजे लातुरात जे चार जण बोलतात त्यांच्याही कानात कुणीतरी बोलत असतं, इंडोनेशियाचं पामतेल, अर्जेंटिनाची पेंड, दिल्लीतलं एक नोटिफिकेशन. गोलाईच्या 16 रस्त्यांत एक सतरावा आहे जो दिसत नाही आणि भाव आता त्या रस्त्यानं येतो. लातूरचा हुशारपणा असा की त्यांनी एकाच मालावर भरवसा ठेवला नाही. शिक्षणाचा 'लातूर पॅटर्न' म्हणजे माझ्या मते त्याच यार्डाचं पुढचं रूप, नांदेड, परभणी, बीडकडची पोरं इथं येतात, क्लास, मेस, रूमभाडं, झेरॉक्स, दरवर्षी नवा माल आणि तो नासतही नाही. वाईट वाटेल असं लिहायला, पण व्यापारी गावाची नजर ती, कशाचा बाजार भरेल हे ओळखणं.

याच जुन्या लाईनीवर सांगोला आहे, डाळिंबाचं गाव. 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून निघाली, पार बंगालमध्ये शालिमारला. भाड्यात निम्मी सबसिडी. डाळिंब, सिमला मिरची, फ्लॉवर, सगळं चढलं. लोकांना पहिल्यांदा कळलं की कोलकात्याचाही भाव आपल्याला विचारता येतो, पुण्याचा व्यापारी अडून बसला तर दुसरा दरवाजा आहे. सगळा माल रेल्वेनं जायची गरजच नसते, दहातला एक डबा जरी तिकडं गेला तरी उरलेल्या नवांना इथं चांगला भाव मिळतो. पुढं सबसिडी गेली तशी ती गाडीही मंदावली. आपल्याकडं हे असंच, उद्घाटनाला हिरवा झेंडा असतो, बंद करताना झेंडा नसतो.

आता बीडचं. नगर-बीड-परळी, 261 किलोमीटर, 1995 च्या सुमाराला मंजूर. एक पिढी गेली. राज्य आणि केंद्र निम्मा-निम्मा खर्च, म्हणजे दोघांनाही एकमेकाकडं बोट दाखवायची सोय. गोपीनाथ मुंडेंसारखा वजनदार माणूस जिल्ह्यात होता तरी रूळ सरकता सरकेना, तेव्हा नुसत्या नेत्याच्या वजनानं रेल्वे येते हेही काही खरं नाही. 2022 ला आष्टीपर्यंत गाडी आली, आणि 17 सप्टेंबर 2025 ला, मुक्तिसंग्राम दिनाला, बीड शहरात पहिली पॅसेंजर पोचली. स्टेशनावर ही गर्दी, म्हातारी माणसं नुसतं इंजिन बघायला आली होती. आमच्या बीडकडच्या पाहुण्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर व्हिडिओच व्हिडिओ.

दुसऱ्या दिवसापासून मागण्या सुरू. पुण्याला डायरेक्ट पाहिजे, मुंबईला रात्रीची पाहिजे, टायमिंग बदला, डबे वाढवा. सगळ्या रास्त, मीही त्याच गाडीनं जाणार. पण आख्ख्या ग्रुपवर मालधक्क्याबद्दल कुणी एक शब्द लिहिला नाही. मीच विचारलं की स्टेशनाजवळ कोल्ड स्टोरेज, सीताफळाचा गर काढायचं युनिट, कापसाच्या गाठी चढवायला सायडिंग, असलं काही आहे का प्लॅनमध्ये, तर एका मामांनी अंगठा टाकला आणि खाली कुणीतरी तात्काळ तिकिटाची लिंक. लाईन परळीला जोडली गेली की बीडच्या एका हाताला नगर-पुणे आणि दुसऱ्या हाताला परळीवरून लातूर-हैदराबाद अशी दोन तोंडं होतील, शंभर वर्षांत न मिळालेली गोष्ट. एकानं भाव पाडला तर दुसऱ्याला विचारता येईल. फक्त त्यासाठी बीडमध्ये बसून बोलणारे चार जण लागतील, त्यांना बसायला जागा लागेल, काटा लागेल, आणि माल चार दिवस थांबवायची सोय लागेल. ते झालं नाही तर दिवाळीनंतर टोळ्यांचं सामानसुमान ट्रॅक्टरवर आणि माणसं पॅसेंजरनं, एवढाच काय तो बदल, आणि तिकीटही मुकादमच काढून देईल, उचलीतनं कापून.